३६९ मतांचे अंतर आणि अठरा हजार कोरी मते : सारासोटा काउंटी, २००६

मतदानयंत्राला कागदाची जोड असावी की नसावी, हा वाद बहुतेक वेळा घोटाळ्याच्या शक्यतेभोवती फिरत राहतो. यंत्रात फेरफार करता येतो का, कोणी केला का आणि केला असेल तर त्याचा पुरावा कुठे आहे, एवढ्यावरच दोन्ही बाजू अडून बसतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सारासोटा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ७ नोव्हेंबर २००६ रोजी झालेल्या मतदानात घोटाळ्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही. यंत्रे बंद पडली नव्हती आणि मोजणीच्या आकड्यांत विसंगतीही नव्हती. तरीही त्या एका लढतीचा निकाल पुढे पंधरा महिन्यांहून अधिक काळ न्यायालयात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, तपासला जात राहिला. अखेर प्रकरण बंद झाले तेव्हा निकाल कायम राहिला, पण नेमके काय घडले याचे सर्वांना पटेल असे उत्तर मिळाले नव्हते. कागदी नोंद कशासाठी लागते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मला घोटाळ्याच्या कोणत्याही कथेपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

कागदावर फोडलेले खापर

सारासोटापर्यंत पोहोचण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागते. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी ठरला. भोके पाडण्याच्या कार्डांवर अर्धवट लोंबकळणारे कागदाचे तुकडे, पाम बीच काउंटीतील दोन्ही बाजूंना नावे छापलेली गोंधळात टाकणारी मतपत्रिका आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून मतदाराचा हेतू ओळखू पाहणारे अधिकारी यांची जगभर चेष्टा झाली. २००१ मध्ये राज्याने भोके पाडण्याच्या कार्डांवर बंदी घातली, २००२ मध्ये केंद्रीय कायद्याने नव्या यंत्रांसाठी निधी उपलब्ध करून दिला, आणि राज्यातील ६७ पैकी १५ काउंट्यांनी टच-स्क्रीन मतदानयंत्रे स्वीकारली. सारासोटा त्यांपैकी एक होती. तिथे इलेक्शन सिस्टीम्स अँड सॉफ्टवेअर या कंपनीची आयव्होट्रॉनिक यंत्रे आली. मतदार पडद्यावर बोट ठेवून पसंती देई, शेवटी सर्व पसंतींचा गोषवारा पाही आणि बटण दाबून मत नोंदवी. त्याने दिलेल्या मताची नोंद यंत्राच्या स्मृतीत राही, अन्यत्र कुठेही नाही.

या धोरणामागची समजूत अशी होती की २००० चा गोंधळ कागदामुळे झाला. खरे तर त्या गोंधळाची दोन कारणे होती : भोक नीट न पाडणारी पद्धत आणि मतपत्रिकेची वाईट मांडणी. कागद होता म्हणून वाद घालता तरी आला. एवढेच नव्हे, तर निकाल लागून गेल्यानंतर २००१ मध्ये प्रमुख वृत्तपत्रांच्या एका गटाने शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन केंद्रामार्फत सुमारे १,७५,००० वादग्रस्त मतपत्रिका एकेक करून तपासल्या आणि निरनिराळ्या निकषांनी मोजणी केली असती तर काय झाले असते, हे जाहीर केले. नव्या यंत्रांनी भोकांचा प्रश्न सोडवला. मांडणीचा प्रश्न मात्र पडद्यावर तसाच राहिला, आणि मागाहून तपासणी करण्याची सोय नाहीशी झाली.

योगायोग असा की वादाची जागा कॅथरिन हॅरिस यांनी रिकामी केलेली होती. २००० मध्ये फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या नात्याने राज्याचा निकाल प्रमाणित करणाऱ्या त्याच. २००६ मध्ये त्या सिनेटच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि प्रतिनिधिगृहाच्या १३व्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचे व्हर्न ब्युकॅनन आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन जेनिंग्ज यांच्यात सरळ लढत झाली.

मोजणी आणि फेरमोजणी

प्रमाणित निकालानुसार ब्युकॅनन यांना १,१९,३०९ आणि जेनिंग्ज यांना १,१८,९४० मते पडली. अंतर ३६९ मतांचे. त्याच वेळी आणखी एक आकडा पुढे आला, आणि पुढचा सगळा वाद त्याच आकड्याने घडवला : एकट्या सारासोटा काउंटीत १८ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर या लढतीची जागा कोरी होती. म्हणजे मतदार केंद्रावर आला, यंत्रासमोर उभा राहिला, गव्हर्नरपदापासून स्थानिक प्रश्नांपर्यंत इतर ठिकाणी त्याने पसंती दिली, पण प्रतिनिधिगृहाच्या या अटीतटीच्या लढतीत त्याच्या नावावर काहीच नोंदले गेले नाही. यंत्रांवर टाकलेल्या मतांत अशा कोऱ्या मतांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. त्याच काउंटीत कागदी मतपत्रिकेवर टपालाने मत दिलेल्यांत ते सुमारे अडीच टक्के होते, आणि मतदारसंघाच्या इतर काउंट्यांतही ते त्याच्याच आसपास होते.

कोरी मते सगळीकडे असतात. एखाद्याला दोन्ही उमेदवार नको असतात, कोणाला लढतीत रस नसतो. पण शेजारच्या काउंटीत अडीच टक्के मतदार उदासीन आणि सीमा ओलांडताच त्याच लढतीबद्दल पंधरा टक्के उदासीन, हे पटणे अवघड होते. शिवाय सारासोटा काउंटीत ज्यांची मते नोंदली गेली, त्यांच्यात जेनिंग्ज साधारण ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी पुढे होत्या. कोऱ्या मतांपैकी केवळ बारा हजार मते याच प्रमाणात नोंदली गेली असती, तरी त्यांना सातशेहून अधिक मतांची भर मिळाली असती. निकाल उलटण्यास तेवढे पुरेसे होते. ही अर्थात केवळ बेरीज-वजाबाकी आहे. बारा हजारांनी मत देण्याचा प्रयत्न केला होता की नाही, हाच तर प्रश्न होता.

फ्लोरिडाच्या कायद्यानुसार अंतर अर्ध्या टक्क्याहून अधिक नसेल तर यंत्राने, आणि पाव टक्क्याहून अधिक नसेल तर हाताने फेरमोजणी करावी लागे. इथे अंतर ०.१५ टक्क्यांच्या आसपास असल्याने दोन्ही कराव्या लागल्या. हाताने करायच्या फेरमोजणीचा हेतूच मुळी यंत्राने कोऱ्या किंवा बाद ठरवलेल्या मतपत्रिका माणसाच्या नजरेखालून घालणे हा होता. कागदी मतपत्रिकेवर गोल भरण्याऐवजी नावाभोवती वर्तुळ काढलेले असते किंवा बरोबरची खूण शेजारी केलेली असते, आणि यंत्राला न कळलेला हेतू माणसाला कळतो. सारासोटात माणसाच्या नजरेखालून काय घालायचे होते? यंत्राच्या स्मृतीत जे होते तेच छापून काढले, आणि जिथे पसंती नव्हती तिथे ‘पसंती नाही’ असे छापून आले. पाटीवरची बेरीज पुन्हा मोठ्याने वाचून दाखवावी, तशी ही फेरमोजणी झाली. २० नोव्हेंबरला राज्याने निकाल प्रमाणित केला आणि जेनिंग्ज यांनी तो न्यायालयात आव्हानित केला. मतदारांच्या एका गटानेही स्वतंत्र दावा दाखल केला.

तीन स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण असे की मतदारांनी मुद्दाम मत दिले नाही, कारण प्रचार कडवट झाला होता. हे फार वेळ टिकत नाही. प्रचार टपाली मतदारांनीही पाहिला होता आणि शेजारच्या काउंट्यांनीही.

दुसरे स्पष्टीकरण पडद्याच्या मांडणीचे. पहिल्या पडद्यावर केवळ सिनेटची लढत होती. दुसऱ्या पडद्यावर अगदी वरच्या टोकाला प्रतिनिधिगृहाची लढत दोन नावांत उरकलेली, आणि तिच्याखाली रंगीत पट्टीच्या मथळ्यासह गव्हर्नरपदाची लांबलचक यादी. पान उलटले की नजर रंगीत पट्टीवर आणि मोठ्या यादीवर जाते व वरचा अरुंद भाग पडद्याच्या शीर्षकाचाच एक भाग वाटतो, असे मांडणीचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याला भक्कम आधार मिळाला तो दुसऱ्याच लढतीतून. शेजारच्या शार्लट काउंटीत याच कंपनीची यंत्रे होती, पण तिथे प्रतिनिधिगृहाच्या लढतीत कोऱ्या मतांचे प्रमाण सर्वसाधारण होते. मात्र शार्लट आणि ली या काउंट्यांनी ॲटर्नी जनरलपदाची लढत गव्हर्नरच्या लांब यादीसोबत एकाच पडद्यावर ठेवली होती आणि तिथे त्या लढतीत कोऱ्या मतांचे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले. जी लहान लढत गव्हर्नरच्या यादीच्या शेजारी जाई, तिच्याकडे दुर्लक्ष होई. लॉरिन फ्रिसिना, मायकेल हेरॉन, जेम्स होनाकर आणि जेफ्री लुईस या अभ्यासकांनी हे दाखवले आणि, मांडणी नीट असती तर जेनिंग्ज निवडून आल्या असत्या, असाही त्यांचा अंदाज होता.

तिसरे स्पष्टीकरण यंत्रातील दोषाचे. त्याला अगदीच आधार नव्हता असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे मतदानापूर्वीच, कंपनीने फ्लोरिडातील निवडणूक अधिकाऱ्यांना पत्र पाठवून कळवले होते की काही यंत्रांचा पडदा बोटाच्या स्पर्शाला उशिरा प्रतिसाद देतो आणि मतदाराला बोट काही क्षण टेकवून ठेवावे लागते. मतदान सुरू झाल्यावर अनेक मतदारांनी तक्रार केली की आपण नावावर बोट ठेवले होते, पण शेवटच्या गोषवाऱ्यात ती जागा कोरी दिसली आणि मागे जाऊन पुन्हा मत द्यावे लागले. काहींच्या मते ती लढत त्यांना पडद्यावर दिसलीच नाही. पहिली तक्रार यंत्राकडे बोट दाखवते, दुसरी मांडणीकडे, आणि दोन्ही तक्रारी करणारे लोक एकाच रांगेत उभे होते. वॉल्टर मेबेन आणि डेव्हिड डिल यांनी यंत्रांच्या नोंदींचा सांख्यिकीय अभ्यास करून, केवळ मांडणीने सगळे स्पष्ट होत नाही, अशी भूमिका मांडली.

माझ्या मते दुसरे स्पष्टीकरण सर्वांत बळकट आहे, आणि आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच दिसतो. पण ‘बळकट’ आणि ‘सिद्ध’ यांत जे अंतर उरले, ते पुढची सगळी चौकशी करूनही बुजले नाही.

चौकशीच्या तीन पायऱ्या

राज्याच्या निवडणूक विभागाने आधी यंत्रांची समांतर चाचणी घेतली : ठरवून दिलेली मते चाचणीकर्त्यांनी प्रत्यक्ष मतदानाप्रमाणे टाकायची, सर्व काही कॅमेऱ्यात टिपायचे आणि शेवटी नोंद जुळते का ते पाहायचे. त्यानंतर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील ॲलेक यासिनसॅक यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांच्या गटाने यंत्राचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधील मूळ आज्ञा, तपासला. डेव्हिड वॅग्नर आणि मॅट बिशप यांच्यासारखे, मतदानयंत्रांवर कठोर टीका केलेले संशोधक त्या गटात होते, त्यामुळे त्याला सरकारचा होयबा म्हणणे कठीण होते. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी अहवाल दिला : यंत्राच्या सुरक्षेत गंभीर त्रुटी आहेत, पण कोऱ्या मतांना कारणीभूत ठरेल असा दोष सोर्स कोडमध्ये आढळला नाही.

न्यायालयात प्रकरण वेगळ्याच ठिकाणी अडले. जेनिंग्ज यांच्या तज्ज्ञांना तोच सोर्स कोड स्वतंत्रपणे पाहायचा होता. लिऑन काउंटीचे न्यायाधीश विल्यम गॅरी यांनी डिसेंबर २००६ मध्ये मागणी फेटाळली, कारण सोर्स कोड हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे आणि ते उघड करायला लावण्याइतके कारण वादीने दाखवलेले नाही. अपील न्यायालयानेही २००७ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. इथे एक पेच स्पष्ट दिसतो. यंत्रात दोष आहे असे मानण्यास आधार दाखवल्याशिवाय यंत्र उघडून पाहता येणार नाही, आणि यंत्र उघडून पाहिल्याशिवाय तो आधार कुठून आणायचा हे कोणी सांगत नव्हते. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही, कंपनीची मालमत्ता जपणारा कायदा त्यांच्यासमोर होता. निवडणुकीचा एकमेव पुरावा खाजगी कंपनीच्या मालकीच्या वस्तूत साठवण्याचा निर्णय आधीच, खरेदीच्या वेळी, होऊन गेला होता.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृह आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम निर्णय स्वतः घेते. जानेवारी २००७ मध्ये ब्युकॅनन यांनी शपथ घेतली, पण तक्रार खुली राहिली. चार्ल्स गोन्झालेझ यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे तांत्रिक तपासणी सोपवली. या कार्यालयाने तीन चाचण्या केल्या. काउंटीच्या १,४९९ यंत्रांपैकी नमुना म्हणून निवडलेल्या ११५ यंत्रांतील संगणकीय प्रणाली (सॉफ्टवेअर) प्रमाणित प्रणालीशी जुळते का, हे पाहिले. दहा यंत्रांवर उमेदवार निवडण्याच्या ११२ निरनिराळ्या रीती करून पाहिल्या. आणि दोन यंत्रांच्या पडद्यांची जुळणी मुद्दाम बिघडवून त्यांचे वर्तन तपासले. फेब्रुवारी २००८ मधील निष्कर्ष काळजीपूर्वक शब्दांत होता : यंत्रांमुळे कोरी मते निर्माण झाल्याची शक्यता आता बरीच कमी झाली आहे, पण संपूर्ण खात्री देता येत नाही, आणि मतदारांनी मुद्दाम मत दिले नसेल किंवा त्यांना ते नीट देता आले नसेल. त्याच महिन्यात सभागृहाने तक्रार निकाली काढली. तोपर्यंत ब्युकॅनन यांची निम्म्याहून अधिक मुदत संपली होती.

या साऱ्या चौकशीत कोणी आळस केला असे म्हणता येत नाही. नामांकित तज्ज्ञ, भरपूर वेळ आणि सरकारी पैसा, सगळे लावले गेले. पण प्रत्येक पायरीवर तपासणी झाली ती यंत्राची. त्या दिवशी टाकलेली मते कोणालाच तपासता आली नाहीत, कारण तपासण्याजोगे मत अस्तित्वातच नव्हते. यंत्र आज नीट चालते यावरून ते सात नोव्हेंबरला नीट चालले असावे, एवढे अनुमान काढता येते. त्यापुढे जाता येत नाही.

कागद असता तर

इथे कागदाच्या समर्थकांनी, ज्यांत मीही आहे, जरा सावध राहायला हवे. ‘कागद असता तर अठरा हजार मते वाचली असती’ हे विधान सरसकट खरे नाही, कारण कागद दोन प्रकारचा असतो.

मतदाराने स्वतः खूण केलेली कागदी मतपत्रिका असती तर पडद्याच्या मांडणीचा प्रश्न त्या रूपात आलाच नसता. टपाली मतांचे अडीच टक्के याची साक्ष देतात. आणि जी कोरी राहिली असती ती हातात घेऊन पाहता आली असती. पण टच-स्क्रीन यंत्रालाच छापील चिठ्ठीची जोड दिली असती, तर मतदाराच्या नजरेतून सुटलेली लढत चिठ्ठीवरही ‘पसंती नाही’ अशीच छापून आली असती. फेरमोजणीत अठरा हजार चिठ्ठ्या उघडल्या असत्या आणि अठरा हजार वेळा तेच वाचायला मिळाले असते. गोषवाऱ्याचा पडदा लोक किती लक्षपूर्वक पाहतात, यावर राइस विद्यापीठात सारा एव्हरेट यांनी केलेल्या प्रयोगांत, गोषवाऱ्यात मुद्दाम केलेले बदल निम्म्याहून अधिक सहभागींच्या लक्षात आले नव्हते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये छापील मतपत्रिकांवर असाच प्रयोग केला, तेव्हा मुद्दाम केलेली चूक निवडणूक कर्मचाऱ्यांच्या नजरेस आणून देणारे मतदार सात टक्क्यांहून कमी निघाले. चिठ्ठी समोर आली म्हणजे ती वाचली गेली, असे नव्हे.

तरीही चिठ्ठीने एक गोष्ट केली असती, आणि माझ्या दृष्टीने ती निर्णायक आहे. तिने तिसरे स्पष्टीकरण वादातून बाहेर काढले असते किंवा पक्के केले असते. चिठ्ठीवर नाव आणि स्मृतीत कोरे, असे आढळले असते तर यंत्र दोषी, आणि दुरुस्त निकालही तिथेच हाती. दोन्हीकडे कोरे आढळले असते तर मत यंत्राने गिळल्याचा संशय जवळजवळ संपला असता, आणि प्रश्न उरला असता मांडणीचा. त्याचा इलाज निवडणूक अधिकाऱ्यांच्या हाती असतो, सोर्स कोडच्या तज्ज्ञांच्या नाही. पंधरा महिन्यांची चौकशी काही आठवड्यांत आटोपली असती. कोण जिंकायला हवे होते हे कागदाने सांगितले नसते. वाद नेमका कशाबद्दल आहे, हे सांगितले असते. सारासोटात दोन्ही बाजूंचे समर्थक तेही ठामपणे सांगू शकत नव्हते. हरलेल्या बाजूला यंत्राने मते गिळली असे वाटत राहिले, तर जिंकलेल्या बाजूला हा रडीचा डाव वाटला. दोघांनाही चूक ठरवता येईल असे काहीच उपलब्ध नव्हते.

नेमकी हीच कसोटी रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकतज्ज्ञांनी त्याच वर्षी, २००६ मध्ये, मांडली होती : संगणकीय प्रणालीतील लक्षात न आलेल्या बदलामुळे किंवा चुकीमुळे निकालात शोधता न येणारा बदल घडू शकत असेल, तर ती मतदानपद्धत प्रणालीवर अवलंबून आहे. प्रणाली निर्दोष आहे का, हा प्रश्न ही व्याख्या विचारतच नाही. सदोष असली तर ते कळेल का, एवढेच ती विचारते. सारासोटाची यंत्रे कदाचित निर्दोष होती, पण या कसोटीवर ती उतरत नव्हती.

जनविश्वासाचा भाग याच्याशी जोडलेला आहे. यासिनसॅक यांच्या गटाचा अहवाल वाचून एखाद्या संगणकशास्त्रज्ञाचे समाधान होईल. ते समाधान त्याच्याकडून सामान्य मतदाराकडे जसेच्या तसे पोहोचत नाही. मतदाराला तज्ज्ञांवर आणि ज्यांनी ते नेमले त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि निवडणूक हरलेल्या मतदाराकडे नेमका तोच विश्वास कमी पडतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ च्या निकालात हेच तत्त्व म्हणून सांगितले : मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी कागदी पडताळणी हा मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीचा आवश्यक भाग ठरवला, आणि आज मतदाराला सात सेकंद चिठ्ठी दिसते. आपल्याकडे वाद सरकला तो किती चिठ्ठ्या मोजायच्या यावर. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. सारासोटाशी तुलना करताना एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकेत एका मतपत्रिकेवर अनेक लढती असतात आणि त्यातली एखादी नजरेतून निसटू शकते. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत एका यंत्रावर एकच लढत असते, म्हणून कोऱ्या मतांचा हा प्रश्न इथे या रूपात उद्भवत नाही.

कागद परतला, मोजणीचे काय

राजकीय परिणाम मात्र चौकशीची वाट पाहत थांबले नाहीत. जानेवारी २००७ मध्ये गव्हर्नर झालेले रिपब्लिकन पक्षाचे चार्ली क्रिस्ट यांनी महिन्याभरातच टच-स्क्रीन यंत्रे काढून टाकण्याची योजना जाहीर केली आणि मे महिन्यात तसा कायदा झाला. ज्या पक्षाचा उमेदवार जिंकला होता, त्याच पक्षाच्या गव्हर्नरने हे केले, याची नोंद घ्यायला हवी. सुमारे पावणेतीन कोटी डॉलर खर्चून जुलै २००८ पर्यंत काउंट्यांना मतदाराने खूण केलेल्या कागदी मतपत्रिका आणि त्या वाचणारे स्कॅनर आणायचे होते. अपंग मतदारांसाठी टच-स्क्रीन यंत्रे काही काळ राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्युकॅनन आणि जेनिंग्ज पुन्हा समोरासमोर आले आणि ब्युकॅनन स्पष्ट फरकाने जिंकले. त्यावरून २००६ बद्दल काही सिद्ध होत नाही, पण जुन्या निकालाबद्दलचे कुतूहल मात्र त्यानंतर झपाट्याने ओसरले.

कागदाने अडचणी संपल्या नाहीत, हेही फ्लोरिडाने लगेच अनुभवले. ऑगस्ट २००८ मध्ये पाम बीच काउंटीत न्यायाधीशपदाच्या एका लढतीत पहिल्या मोजणीत अंतर अवघे १७ मतांचे होते, आणि फेरमोजणीला बसल्यावर सुमारे साडेतीन हजार मतपत्रिका कमी भरल्या. त्या पुढे साठवणीच्या खोक्यांत सापडल्या. खोकी कोणी बंद केली, कोणत्या खोलीत ठेवली, एकूण किती मतपत्रिका आल्या आणि किती मोजल्या, याचा ताळा रोजच्या रोज लागत नसेल, तर कागदी नोंद ही पुरावा कमी आणि नव्या संशयाचे कारण अधिक ठरते.

त्याहून मोठी उणीव पडताळणीच्या कायद्यात राहिली. त्या कायद्यानुसार फ्लोरिडात निवडणुकीनंतर चिठ्ठी टाकून एक लढत निवडली जाई आणि काउंटीतील एक ते दोन टक्के केंद्रांवरच्या मतपत्रिका हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी पडताळल्या जात. पण ही पडताळणी निकाल प्रमाणित झाल्यावर होई, आणि निवडलेली लढत अटीतटीची असेलच असे नसे. त्यात विसंगती सापडली तरी जाहीर झालेला निकाल त्यामुळे आपोआप बदलत नसे. अंतर जितके कमी तितक्या अधिक मतपत्रिका तपासायच्या, आणि निकाल बरोबर असल्याची सांख्यिकीय खात्री पटेपर्यंत थांबायचे नाही, ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी साधारण याच काळात मांडली. कोलोराडो राज्याने २०१७ मध्ये ती राज्यभर लागू केली. फ्लोरिडाने ती स्वीकारली नाही.

सारासोटाच्या मतदारांना मात्र यापेक्षा अधिक हवे होते. ७ नोव्हेंबर २००६ रोजी, त्याच पडद्यांवर, त्यांच्यासमोर काउंटीच्या सनदेतील एक दुरुस्तीही होती. मतदाराला तपासता येईल अशी कागदी मतपत्रिका आणि निकाल प्रमाणित होण्यापूर्वी सक्तीची पडताळणी, अशा दोन्ही गोष्टी तीत मागितल्या होत्या, आणि ती बहुमताने मंजूर झाली. राज्य सरकारने आणि काउंटीने तिला विरोध केला आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला. कागदी मतपत्रिकेचे कलम टिकले. प्रमाणनापूर्वीच्या पडताळणीची कलमे राज्याच्या निवडणूक कायद्याशी विसंगत ठरवून रद्द करण्यात आली.